लोणावळा संपला म्हणे!

ठाण्याचा_बाळ्या: यंदा, २०२५ ला, १५ ऑगस्ट शुक्रवारी, शनिवारी गोपाळकाला, रविवार हक्काचा. सलग तीन दिवस मिळाले म्हणून लोणावळ्याला गेलो आणि पस्तावलो. सकाळी सहाला निघालो, पोचलो साडेबाराला. खोली 'व्हॅली व्ह्यू', एका रात्रीचे साडेसात हजार. खिडकी उघडली तर धुकं आणि शेजारच्या बंगल्याची पाण्याची टाकी. धुकं सरल्यावर नुसती टाकी. मॅगी नव्वद, कणीस साठ. संध्याकाळी भुशी धरणावर पोचतोय तोवर पोलिसांनी शिट्ट्या मारून सगळ्यांना हाकललं. लोणावळा संपला. प्रशासन झोपलंय. स्थानिकांनी लुटायचंच ठरवलंय.

तुंगार्लीकर: एरवी असलं वाचून सोडून देतो, पण 'स्थानिकांनी लुटायचंच ठरवलंय' हे गिळवेना.

साहेब, सुट्टी जोडून आली की आमच्याकडे गुरुवारी रात्रीच दूध, भाजी, आईच्या गोळ्या भरून ठेवतात. नंतर घराबाहेर पडता येत नाही. या शनिवारी आईला चक्कर आली. दवाखाना दोन किलोमीटरवर, रिक्षाला पन्नास मिनिटं लागली. पुढच्या गाडीच्या सनरूफमधून एक पोरगा अर्धा बाहेर येऊन रील काढत होता, आणि मागे माझी आई कॅरीबॅगेत ओकत होती.

उशिराचं म्हणाल तर आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत जुना हायवे आणि एक्स्प्रेसवे एकाच रस्त्यावर येतात. दोन पाइपांचं पाणी एका नळातून काढायचं म्हटल्यावर तुंबणारच. घाट टाळणारा नवा रस्ता, मिसिंग लिंक, या सुट्टीपर्यंत तरी सुरू झालेला नव्हता. आणि शिट्ट्या? ३० जून २०२४ ला भुशीमागच्या धबधब्यात एका घरातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पोलिसांनी काय हार घेऊन उभं राहायचं?

कोथरूडची_काकू: साठ रुपयांचं कणीस घेतलंत कशाला? कोणी गळ्यावर सुरी ठेवली होती? आम्ही घरून थालीपीठं नेतो.

क्लचप्लेट: मूळ मुद्दा सगळ्यांनी सोडला. घाट तुंबतो तो हाफ क्लचमुळे. चढावर समोरची गाडी चार फूट सरकली की लगेच आपलीही सरकवायची, पाय क्लचवर अर्धा, अर्धा तास तसंच. मग जळक्या रबरासारखा वास, बॉनेट वर, एक लेन बंद. गॅप सोडा, हँडब्रेक लावा, जागा झाली की फर्स्टमध्ये क्लच पूर्ण सोडून जा. २२ वर्षं गाडी चालवतोय, एकदाही प्लेट जळालेली नाही.

ठाण्याचा_बाळ्या: गॅप सोडला की त्यात तीन गाड्या घुसतात. बहुतेक एमएच बाराच्या.

कोथरूडची_काकू: आला पुण्यावर! उजव्या लेनमध्ये चाळीसनं रांगणारे एमएच शून्य चार आम्हीही बघतो हो.

सुटसुटीत: २०२५ मध्ये क्लचवर भांडताय? ऑटोमॅटिक घ्या. क्लचच नाही, जळणार काय.

क्लचप्लेट: तुमची एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सला यंत्र जोडलेली ऑटोमॅटिक, असेल तर क्लच आहे, फक्त तो तुमच्याऐवजी यंत्र दाबतं. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवा, डॅशबोर्डवर दिवा लागला की कळेल. माहिती नसताना फेकू नये.

सुटसुटीत: लागला होता एकदा दिवा. मला वाटलं सीटबेल्टचा.

तुंगार्लीकर: मी आईबद्दल लिहिलं आणि इथे एएमटीवर परिसंवाद. चालू द्या.

क्लचप्लेट: अहो, आई दवाखान्यात उशिरा पोचते ती याच कारणानं! आणि एसी. घाटात एसी बंद करा म्हटलं की बायको-पोरं अशी बघतात जणू काही ऑक्सिजन बंद केला.

कोथरूडची_काकू: पावसात काचा बंद, एसी बंद, काचांवर वाफ. पुढचं दिसणार कसं? तुमच्या त्या २२ वर्षांत पाऊस पडला नाही वाटतं.

क्लचप्लेट: बरं. पावसात एसी ठेवा. तेवढं मान्य.

मधल्या_बर्थचा: ट्रेननं जा ना. आम्ही डेक्कन एक्स्प्रेसनं जातो.

ठाण्याचा_बाळ्या: वेटिंग ८७ होतं. आणि लोकल आमच्या बाजूनं कर्जतलाच थांबते. पुण्यावाल्यांना थेट लोणावळा लोकल, त्यांचं काय जातंय ट्रेन सांगायला.

तुंगार्लीकर, आईबद्दल वाईट वाटलं, खरंच. कशा आहेत आता? पण साडेसात हजारांत टाकी दाखवणारा तुमच्याच गावचा ना? तेवढं तरी कबूल करा.

तुंगार्लीकर: बरी आहे आई. बंगला असेल एखाद्या मुंबईवाल्याचाच, आमच्यातला एखादा नुसत्या किल्ल्या सांभाळतो. पण टाकीचं कबूल. फोटोत टाकी नव्हती तर पैसे परत मागायला हवे होतेत.

एक विचारू? सहाला निघून साडेबाराला पोचलात. माझा भाचा त्याच दिवशी ऐरोलीहून सहालाच निघाला, दहाला घरी. अडीच तास कुठे गेले?

ठाण्याचा_बाळ्या: घाटात थांबलो होतो.

क्लचप्लेट: वास आला होता?

ठाण्याचा_बाळ्या: थोडासा.

क्लचप्लेट: बॉनेट वर?

ठाण्याचा_बाळ्या: पाऊणएक तास गाडी थंड केली. मग टोइंगची वाट.

तुंगार्लीकर: म्हणजे घाट तुंबवणारे आपणच. प्रशासनाला उठवू का आता?

ठाण्याचा_बाळ्या: मीठ चोळा. गॅरेजवाला प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग मिळून साडेनऊ हजार सांगतोय. बरोबर आहे का हो? @क्लचप्लेट