सगळीकडे शेक्सपिअर दिसणाऱ्यांनो, जरा थांबा

विंगेतला
परवा कुणीतरी 'आपल्या पडद्यावरचा शेक्सपिअर' अशी यादी टाकली. मक़बूल, ओंकारा, हैदर, अंगूर, इथवर वाद नाही. पुढे 'सैराट म्हणजे आपला रोमिओ-ज्युलिएट', 'नटसम्राट म्हणजे मराठीतला किंग लिअर', आणि कळस म्हणजे 'सूडाचा कुठलाही सिनेमा खरवडा, खाली हॅम्लेट सापडतोच'. त्यावर वाहवा करणाऱ्यांची रांग. राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

प्रेमात पडली, घरच्यांचा विरोध, दोघं मेली. एवढ्यावर रोमिओ-ज्युलिएट होत असेल तर निम्म्या पोलीस ठाण्यांच्या दप्तरात शेक्सपिअरच भरलाय म्हणायचा. दोन्ही घराणी तोलामोलाची, हे त्या नाटकाच्या पहिल्याच ओळीत सांगितलंय. वैर कशावरून, हे शेवटपर्यंत कळत नाही. सैराटमध्ये कशावरून ते न कळणारा माणूस या राज्यात राहत नसावा. जात हाच तर तो सिनेमा आहे, आणि तुम्ही रोमिओ-रोमिओ करत नेमकी तीच पुसून टाकता.

प्रभाव शोधायचाय ना? मग लेखकाने काय उचललं ते सोडा, काय बदललं ते बघा. 'ऑथेल्लो'वरून केलेल्या ओंकारात रुमालाचा कमरबंद केला. खानदानी दागिना, सुनेच्या कमरेचा. तो परक्याच्या हाती गेला की नवऱ्याच्या डोक्यात काय शिजेल, हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. आणि शेवट बघा. मूळ नाटकात खलनायकाची बायको एमिलिया नवऱ्याचं बिंग फोडते आणि त्याच्याच हातून मरते. इथे तिच्या जागी असलेली इंदूच नवऱ्याचा, लंगडा त्यागीचा, गळा चिरते. मूळ नाटक कोळून प्यायलेला माणूसच असा बदल करू धजतो.

निवृत्त_मास्तर
आपण तरुण दिसता. हॅम्लेटवरून केलेलं आगरकरांचं 'विकारविलसित' 1883 चं, ऑथेल्लोवरून केलेला देवलांचा 'झुंझारराव' 1890 चा. मराठी रंगभूमी शेक्सपिअरच्या अंगाखांद्यावर खेळली आहे. खुद्द शिरवाडकरांनी नटसम्राटच्या कितीतरी आधी मॅकबेथचा 'राजमुकुट' केला. अशा माणसाच्या नाटकात म्हातारा सगळं मुलांना वाटून टाकतो आणि रस्त्यावर येतो, त्यात लिअर नाही म्हणायचं? त्यातला अप्पासाहेब बेलवलकर तर नाटकात उभा राहून शेक्सपिअरच्या भूमिका बोलतो. अजून काय पुरावा हवा, सही-शिक्का?

विंगेतला
लिअर 'नाही' असं मी कुठे म्हटलंय, मास्तर? 'मराठीतला किंग लिअर' या शब्दांना माझा आक्षेप आहे. लिअरला तीन मुली, आणि बायको रंगमंचावर नाहीच. अप्पासाहेबांना एक मुलगा, एक मुलगी. खरं बोलली म्हणून हाकललेली धाकटी लेक कॉर्डेलिया इथे नाही. उलट बायको, कावेरी, आहे. लिअर वादळावरच ओरडतो, अप्पासाहेब 'सरकार' म्हणून हाक मारतात आणि ओ देणारं कुणीतरी असतं. ती गेल्यावर नाटकाचा तोलच बदलतो. ही भर शिरवाडकरांची, तिचं श्रेय इंग्लंडला कशाला पाठवता?

सूनबाई_ठाणे
माफ करा, मध्येच बोलते. लिअरच्या मुलींची बाजू कुणी कधी मांडणार आहे का? राज्य देऊन टाकलं म्हणे, पण शंभर सरदार ठेवले स्वतःच्या दिमतीला. ती शंभर माणसं घेऊन हा लेकीकडे मुक्कामाला. थोरली म्हणते पन्नास करा, मधली म्हणते पंचवीस, तर लगेच शिव्याशाप, वांझ राहशील वगैरे. लेकी पुढे राक्षसिणी होतात, मान्य. पण त्या दृश्यात चुकीचं काय बोलल्या?

माझे सासरे निवृत्त झाल्यावर रोज दुपारी रमीचा अड्डा आमच्या हॉलमध्ये. दोनदा चहा, एकदा भजी, आणि ऑफिसातून आल्यावर राखेने भरलेल्या बश्या मी धुवायच्या. एकदाच म्हटलं, अड्डा आठवड्यातून दोनदा ठेवूया का. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि सगळ्या नातेवाइकांना फोन गेले. मग 'नटसम्राट बघ, डोळे उघडतील' असा सल्ला मला. तिकीट काढून देणारेही भेटले.

घाटावरचा
झालं. आता लिअर सासुरवास करणारा म्हातारा! ज्या बापाने आयुष्यभराची कमाई दिली त्याला चार मित्र बोलवायची सोय नाही? समोरचं ताट द्यावं, बसायचा पाट देऊ नये, हे जुनी माणसं उगाच सांगत नव्हती. माझ्या काकांनी फ्लॅट मुलाच्या नावावर केला. आज वृद्धाश्रमात आहेत. तिथे जाऊन सांगा तुमचे रमीचे हिशोब.

सूनबाई_ठाणे
तुमच्या काकांचं वाईट वाटतं. पण भजी तुम्ही तळली होती का कधी? त्यांना वृद्धाश्रमातून तुमच्या घरी आणलंत का?

घाटावरचा
वैयक्तिक जाऊ नका.

टवाळ_पुणेकर
मूळ विषयाकडे यायचं तर: काका गादीसाठी खून करवतो, ही गोष्ट शनिवारवाड्यात 1773 मध्ये झाली. 'काका, मला वाचवा' हेही हॅम्लेटचंच म्हणून यादीत घाला. आणि शेक्सपिअरने तरी काय घरून आणलं होतं? लिअर आधीच्या नाटकातून, हॅम्लेट डेन्मार्कच्या दंतकथेतून, रोमिओ एका इंग्रजी काव्यातून, अंगूर ज्यावरून आला त्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'चं मूळ तर थेट रोमन नाटककार प्लाउटसचं. गुलजारांनी चोरलं ते चोरलेलंच होतं.

निवृत्त_मास्तर
टवाळीत का होईना, अभ्यास दिसला. पण लोक प्लाउटस वाचून अंगूर काढत नाहीत, शेक्सपिअर वाचून काढतात. आणि विंगेतले, तुमचा कावेरीचा मुद्दा बरा आहे. इतका बरा की तो मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो, तेव्हा नवा असल्यासारखा मांडू नका.

विंगेतला
म्हणजे पटलं. धन्यवाद, सर.

कोर्टकचेरी
काकांचं वाचलं म्हणून लिहितोय. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे, त्यातलं कलम 23 बघा. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असेल तर काम सोपं जातं.

घाटावरचा
अट लिहिलेली नाही. प्रेमाने दिलं होतं.

कोर्टकचेरी
तरी कागद घेऊन एकदा वकिलाला दाखवा. इथे वाद घालून फ्लॅट परत येणार नाही.

सूनबाई_ठाणे
आणि दाखवायला जाल तेव्हा काकांनाही सोबत न्या. त्यांना तो फ्लॅट परत हवाय का, हे अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.