मुतोऊ सान्जी : कामगारांचा कैवारी की नुसता हुशार मालक?

कापसाची गाठ : आठवडाभर ह्या माणसाबद्दल वाचतोय आणि डोक्यातून जातच नाहीये, म्हणून धागा काढला. जपानच्या कानेबो म्हणजे कानेगाफुची सूतगिरणीचा सर्वेसर्वा, जन्म १८६७, विचारवंत फुकुझावा युकिचींनी काढलेल्या केइओ विद्यालयात शिकला, कॅलिफोर्नियात जाऊन तंबाखूच्या कारखान्यात राबला आणि १८९४ ला कोबेच्या गिरणीचा मॅनेजर झाला. बाकीचे मालक कामावरच्या पोरी पळून जाऊ नयेत म्हणून त्यांना वसतिगृहात कोंडून ठेवत होते तेव्हा ह्याने पगार चांगले दिले, पाळणाघर काढलं, सूचनापेटी लावली, आजारपण-अपघातासाठी १९०५ मध्ये फंड सुरू केला, ती कल्पना जर्मनीच्या क्रुप कारखान्याची. इतर गिरण्यांनी बोंब मारली की हा आमची माणसं पळवतो! असा मालक शंभरात एक, हे माझं मत.

गिरणगावची लेक : अजिबात पटलं नाही. माझी आजी लालबागच्या गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती, तिच्या बोटांवर सुताने पडलेल्या चिरा मी लहानपणी हात लावून बघायचे, त्यामुळे पाळणाघर आणि सूचनापेटी ऐकून मी भारावत नाही. रात्रपाळीचं काय? जपानी गिरण्यांत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, दिवसपाळीची पोरगी उठली की तिच्याच गादीवर रात्रपाळीची येऊन पडणार, गादी कधी गार व्हायचीच नाही. कित्येकींना क्षय घेऊनच गावी परत पाठवलं. बापाने आगाऊ पैसे उचललेले, म्हणजे सोडून जायचीही सोय नाही. १९११ चा फॅक्टरी कायदा आला तरी रात्रपाळीला वर्षानुवर्षं सवलत, बायकांची रात्रपाळी थांबली १९२९ च्या जुलैत. कानेबोही रात्री चालायचीच ना?

कापसाची गाठ : चालायची, नाकारत नाही. पण एकट्याने बंद केली असती तर बाजारातून उठला असता.

गिरणगावची लेक : मुंबईच्या गिरण्यांना बायकांना रात्री कामाला लावायला कायद्याने बंदी होती, त्या कशा टिकल्या? जपानला रात्रपाळीचा गैरफायदा मिळतो हे १९२७ च्या टॅरिफ बोर्डानेही, म्हणजे आयातकराची शिफारस करणाऱ्या सरकारी मंडळानेही, मान्य केलं होतं.

चाळ नंबर चार : एक भर घालतो. १९१९ ला वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद झाली तिथे जपानी मालकांचा प्रतिनिधी म्हणून सान्जी आणि हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशी, दोघंही होते. आठवड्याला ४८ तासांचा नियम ठरला, जपानला ५७ ची मुभा, रेशीमवाल्यांना ६०, आणि आपल्याला सरसकट ६०. तेव्हा जपानकडे बोट दाखवताना जरा जपून.

गिरणगावची लेक : दादा, मी मुंबईच्या मालकांची वकिली करत नाहीये. माझा मुद्दा एवढाच की सान्जी कंपनीला कुटुंब म्हणायचा, आणि कुटुंब म्हटलं की पोरीने बापाकडे हक्क मागायचा नसतो, युनियन तर लांबच. ह्याने मोठी तीस लाख येनची बक्षिशी घेऊन १९३० च्या जानेवारीत कंपनी सोडली, आणि एप्रिलात पगारकपातीवरून तिथे संप झाला. कुटुंबात असं होतं का हो?

कापसाची गाठ : तीस लाखांचा आकडा मलाही टोचतो, खरंच. पण माणूस तिथेच संपत नाही. लढाईत मेलेल्या-जखमी झालेल्या सैनिकांच्या घरच्यांना सरकारने मदत द्यावी म्हणून तो हात धुऊन मागे लागला, १९१७ ला कायदा झाला. १९२३ ला स्वतःचा पक्ष काढला, पुढच्या वर्षी संसदेत गेला. मग जिजी शिम्पो हे फुकुझावांनी काढलेलं वर्तमानपत्र हातात घेतलं आणि बड्या उद्योगपतींच्या टोळक्यावर लेखमाला चालवली. ९ मार्च १९३४ ला कामाकुरात घराजवळ त्याच्यावर गोळ्या झाडल्या, दुसऱ्या दिवशी गेला. निवांत बसून खाता आलं असतं त्याला.

चाळ नंबर चार : पण त्या लेखमालेतून उठलेल्या तेइजिन प्रकरणात, म्हणजे तेइजिन ह्या रेयॉन कंपनीच्या शेअर-विक्रीच्या कथित घोटाळ्यात, सरकार पडलं आणि १९३७ ला सोळाच्या सोळा आरोपी निर्दोष सुटले. लोकं तुरुंगात सडली त्याचं काय?

कापसाची गाठ : खटला सरकारी वकिलांनी उभा केला, पेपरने नाही. तरी बोच राहते हे मान्य. तो जिवंत असता तर त्या सोळा जणांबद्दल पहिल्या पानावर काय छापलं असतं हे मला फार वाचायचं होतं.

गिरणगावची लेक : आणि मला त्या सूचनापेटीतल्या चिठ्ठ्या. वसतिगृहातल्या एखाद्या पोरीने रात्रपाळी नको असं लिहून टाकलंच असेल ना कधीतरी.