पावसात योगा टिकवायचा कसा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी फोंड्याची, नोकरी पणजीला, त्यामुळे सासूबाई आणि मुलगा उठायच्या आत जो अर्धा तास मिळतो तोच काय तो माझा. पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न ऐकू यायच्या आधी सूर्यनमस्कार घालते, बाराही स्थिती श्वासाच्या लयीत झाल्या की दिवस खरंच बरा जातो हो, कदंबा बसमध्ये उभं राहून गेले तरी चिडचिड होत नाही. पण 21 जूनच्या योग दिनाचा उत्साह जुलैत कुठे जातो देव जाणे! लाद्या ओलसर, मॅटला कुबट वास, अधोमुख श्वानासनात हात सरकतात आणि मनगटं दुखतात, मग मी सरळ चहाच टाकते.

तर सांगा, या दमट हवेत मॅट कशी धुता आणि वाळवता? मनगटासाठी भिंतीला हात टेकवून केलं तर चालेल का? आणि कंटाळा आला त्या दिवशी नुसती भ्रामरी (भुंग्यासारखा गुणगुणत श्वास सोडणं) आणि शवासन केलं तर त्याला सराव म्हणायचं की मनाचं समाधान?

फोंडा-कुर्टीकडे मराठीतून शिकवणारं कोणी असेल तर तेही कळवा. किनाऱ्यावरचे पर्यटकांचे क्लास नकोत, फी ऐकूनच घाम फुटतो.