आजीला देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) दाखवायची आहे, मदत हवी

दिवाळीत गावी गच्चीवर रात्री साडेनऊला १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दोन डोळ्यांची दुर्बीण लावली. भाद्रपदा चौकोनाच्या (चार ठळक ताऱ्यांच्या) ईशान्य कोपऱ्यातून दोन तारे पुढे, तिथून शर्मिष्ठा तारकासमूहाकडे वळून दोन तारे वर, आणि काचेवर श्वासाची वाफ धरावी तसा लांबट, पांढुरका डाग! २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश. अंगावर काटाच आला.

आजीलाही बघायचंय, पण तिचे हात थरथरतात आणि डाग निसटतो. दीर्घिका तेव्हा बरीच वर असते, मान फार मागे टाकणं तिला जमत नाही. दुर्बीण ट्रायपॉडवर बसवायला कुठला जोड घ्यावा? की आरामखुर्चीत टेकवून दाखवणं सोपं? तिला जाड चष्मा आहे, तो काढून बघावं का? वयस्कर माणसांना कुणी दाखवलं असेल तर नक्की सांगा. पुढच्या अमावास्येला पुन्हा गावी जातोय.