मदत हवी आहे: तंबूचा आतला पीयू थर चिकट होऊन सुटतोय

दोन माणसांचा डबल लेयर तंबू, आठ वर्षं जुना. बाहेरच्या फ्लायचा (वरच्या आवरणाचा) आतला पीयू, म्हणजे पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर चिकट झालाय. घडी उलगडताना चर्र आवाज येतो, आंबट वास मारतो. शिवणीवरची टेप बोटाने ओढली की पापुद्र्यासारखी निघते. कापड, पोल, चेन सगळं धडधाकट आहे. दमट असतानाच पिशवीत भरून ठेवल्याने हे झालं, ते कळतंय.

सौम्य साबणाने धुतला, सावलीत दोन दिवस वाळवला, टाल्कम पावडर लावली. आठवड्यात पुन्हा चिकट. तळहाताएवढ्या भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून थर ब्रशने काढला. कापड स्वच्छ निघालं, पण पाणी सरळ झिरपतं. वॉटर रिपेलंट स्प्रे कृपया सुचवू नका. त्याने थेंब फक्त घरंगळतात, गेलेला थर भरून निघत नाही.

जुलैत सह्याद्रीच्या पावसात वापरायचाय, नवीन घेणं शक्य नाही. थर पूर्ण काढून टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेलं न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारं) सिलिकॉन लावायचा विचार आहे. पीयूवर सिलिकॉन धरत नाही, म्हणून शिवणींच्या कडेला उरलेल्या अंशांची धास्ती वाटते. कुणी हे स्वतः केलंय का? वजनाने प्रमाण किती घेतलं, आणि शिवणीतला पीयू कसा काढला?