सल्ला हवा: मुतखड्यानंतरचा डीजे स्टेंट, दोरीवाला की बिनदोरीचा?

सीनाकाठ: वडील, वय ६३. उजव्या मूत्रनलिकेत ९ मिमीचा खडा, सीटीत किडनीला सूज. सोलापूरचे डॉक्टर दुर्बिणीने खडा फोडून आत डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंतची, दोन्ही टोकांना वेटोळं असलेली मऊ नळी) ठेवणार आहेत. स्टेंटला बांधलेली दोरी लघवीच्या वाटेने बाहेर ठेवली तर आठवड्याच्या आत ओपीडीतच ओढून काढतील, नाहीतर तीन आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. बजेट सगळं धरून ५० हजार. कोणता घ्यावा?

खडेश्वर: स्टेंटचा त्रास विचारूच नका. सारखी लघवीला पळापळ, आणि होता होता कळ थेट कमरेत. मी पुण्यात लेसरने केलं, सव्वा लाख गेले, पण खोली एसी आणि जेवण झकास. पुण्यालाच या.

माईंचा_मळा: ऑपरेशन कशाला? आमच्या ह्यांचा पाणफुटीची पानं खाऊन पडला. वरून कुळथाचं कढण.

तिरकस: किती मिमीचा होता, माई?

माईंचा_मळा: ४.

तिरकस: तो नुसत्या पाण्यानेही पडला असता. इथे ९ चा अडकलाय, वर किडनी फुगलीय. थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच अ‍ॅडमिट करा. तेव्हा आधी स्टेंट किंवा पाठीतून नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करतात, खड्याचं नंतर.

बाकावरचा: बियर अजून कुणी सुचवली नाही? धागा भरकटतोय.

वॉर्डातली_ताई: युरॉलॉजी वॉर्डात आहे, म्हणून लिहिते. स्टेंट असताना जोर दिला की मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडे चढते, ती कळ त्याची. कुंथायचं नाही, तुंबवून ठेवायचं नाही. चालल्यावर लघवी लालसर होते, पाणी वाढवलं की फिकी पडते. गुठळ्या, ताप किंवा लघवी बंद झाली तर लगेच फोन. टॅम्सुलोसिनच्या गोळीने (मूत्रमार्गाचे स्नायू सैल करते) बऱ्याच जणांना आराम पडतो, पण बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, उठताना चक्कर येते.
दोरी कपड्यात अडकून स्टेंट वेळेआधी बाहेर येतो, त्यामुळे मी बिनदोरीचाच म्हणेन. फक्त काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. आमच्याकडे एक काका दोन वर्षांनी आले. दोन्ही टोकांच्या वेटोळ्यांवर खडे चढलेले, दुर्बिणीने नुसतं ओढून निघेना.

खडेश्वर: +१, दोरी नको. मेव्हण्याची पँटच्या चेनमध्ये अडकली होती. पुण्याला या.

आरओवाला: टोमॅटो, दूध बंद करा. आणि बोअरचं पाणी!

तिरकस: दूध बंद करू नका हो. पोटात कॅल्शियम कमी गेलं की ऑक्झलेट (ज्याचे बहुतेक खडे बनतात ते) जास्त शोषलं जातं. मीठ कमी करा. पाण्याचा धागा वेगळा काढा.

बाकावरचा: ५० हजारांवर कुणीच बोललं नाही. महात्मा फुले योजनेत बसतं का, हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा.

सीनाकाठ: सर्वांचे आभार. दोरीवालाच ठरवला. पुन्हा दुर्बीण म्हटल्यावर बाबा आत्ताच नाही म्हणतात. एकदा गावी गेले की ज्वारीची काढणी टाकून यायचे नाहीत, म्हणजे ताईंच्या काकांचीच गत. स्टेंट निघेपर्यंत सोलापुरात आत्याकडे ठेवतो. दोरी चिकटपट्टीने लावून देतात म्हणे. कागद घेऊन उद्या आरोग्यमित्राला भेटतोय.

खडेश्वर: चिकटपट्टी घामाने सुटते. बघा बुवा.