बीसीएम बदला म्हणताहेत, 28 हजार घालू का थांबू?

पिंपळगावचा_गाडीवाला
नमस्कार मंडळी. गाडी बीएस-सिक्स, 2021 ची, सहा टायर, पिंपळगावहून वाशी मार्केटला कांदा टाकतो, एकच गाडी आहे घरची. पंधरा दिवसांपासून डोक्याला ताप झालाय. आधी वायपर आपोआप चालू व्हायला लागला, मग डावा इंडिकेटर दिला की मागचे पार्किंग लुकलुकायला लागले, आणि परवा तर रात्री दीड वाजता कसारा घाटात धो धो पाऊस, धुकं आणि डावी हेडलाइट गपकन गेली, क्लिनर टॉर्च धरून बसला होता राव. खाली उतरून सकाळी वाशीत माल उतरवला तोपर्यंत ऊन पडलं आणि सगळं ठणठणीत, जणू काही झालंच नाही. नाशिकला एका वर्कशॉपमध्ये दाखवली, त्यांनी स्कॅनर लावला आणि दहा मिनिटांत सांगितलं की बीसीएम, म्हणजे लाइट-वायपर चालवणारं कंट्रोल मोड्युल गेलं, नवीन टाका, कोडिंगसकट (त्यात गाडीची सेटिंग भरून) 28 हजार. आडगाव नाक्याला एकजण भंगारातल्या गाडीचं 9 हजारात देतो म्हणतोय. कांद्याला भाव नाही, भाडं मिळेना, त्यात हे. काय करू?

घाटातला_ड्रायव्हर
आधी लिंबू-मिरची बदला 😄 मस्करी करतोय भाऊ, पण रात्री घाट चढू नका असल्या गाडीने, एक लाइट गेली म्हणजे समोरच्याला मोटरसायकल वाटते.

अंबडचा_वायरमन
दादा, थांबा. एक पैसा देऊ नका अजून. तुम्हीच उत्तर लिहिलंय, तुमच्या लक्षात आलं नाही एवढंच. "ऊन पडलं की ठणठणीत". मोड्युल आतून जळलेलं असेल तर ते ऊन-पाऊस बघत नाही, जळलं म्हणजे जळलं. पावसात बिघडतं आणि उन्हात बरं होतं म्हणजे कुठंतरी पाणी जातंय, नाहीतर अर्थिंग ढिलं आहे, किंवा दोन्ही.

जुन्या गाडीत स्विचमधून रिलेला आणि रिलेतून बल्बला करंट जायचा, टेस्ट लॅम्प घेऊन अर्ध्या तासात फॉल्ट सापडायचा. आता स्विच फक्त मोड्युलला "इंडिकेटर दे" एवढं कळवतो, करंट मोड्युल सोडतं, आणि लाइट, वायपर, हॉर्न, सेंट्रल लॉक सगळं त्याच्याच हातात. त्यामुळे काहीही बिघडलं की स्कॅनरवर नाव त्याचं येतं. स्कॅनर काय दाखवतो? या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच. वायर, कपलर (वायरींचा प्लग), बल्ब का मोड्युल हे त्याला कळत नाही, ते मल्टिमीटर घेऊन आपणच शोधायचं असतं.

आता तुम्ही करा काय, क्लिनर साइडचं डॅशबोर्डचं झाकण काढा, बहुतेक फ्यूज बॉक्सच्या आसपासच असेल, आणि कपलर काढून पिना बघा. हिरवट किंवा पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसलं तर समजा चोर सापडला. पार्किंग लुकलुकतात ते बहुतेक मागच्या दिव्यांचं अर्थिंग आहे, तो वेगळाच फॉल्ट. दिवे चालू ठेवून मीटर दिव्याच्या अर्थ वायरला आणि बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, 0.2 व्होल्टच्या वर दाखवलं तर बोल्ट काढून घासून परत आवळा. मोड्युलच्या अर्थला पण तेच करा. इंजिन चालू असताना चार्जिंग 27-28 व्होल्ट आहे का तेही बघून घ्या.

आणि टेस्ट लॅम्प मोड्युलच्या वायरांना खुपसू नका. मागच्या महिन्यात एका पोऱ्यानं सिग्नलच्या वायरीला लावून चांगलं मोड्युल घालवलेलं आलंय माझ्याकडे.

एक विचारायचं राहिलं, हेडलाइटला 100 वॉटचे बल्ब टाकलेत का? आणि बॉडीवर वेल्डिंग केलं का एवढ्यात?

पिंपळगावचा_गाडीवाला
100 वॉटचे आहेत हो काका, दोन वर्षं झाली. घाटात धुक्यात दिसत नाही म्हणून टाकले. वेल्डिंग नाही केलं. पण एप्रिलमध्ये दगड उडून पुढची काच फुटली होती, ती नवीन बसवली.

अंबडचा_वायरमन
बस्स. काचेचं रबर बघा आधी.

निफाडचा_ट्रान्सपोर्टवाला
सेकंडहँडच्या भानगडीत पडू नका, माझं ऐका, मी हात पोळून घेतलेत. मागच्या वर्षी आमच्या एका गाडीला असंच जुनं आणून लावलं, पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घेतला होता, तरी गाडी स्टार्टच होईना. आमच्या मॉडेलला चावी ओळखायचं काम पण बीसीएमच करतं आणि त्याच्यात दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर बसलेला. कंपनीच्या टूलने पुसता येईना, वर्कशॉपवाले हात वर करून मोकळे. गाडी भरलेली टोमॅटोने, दोन दिवस उभी, पाणी सुटलं कॅरेटमधून. काही मॉडेलला जुनं चालतं म्हणतात, पण आधी विचारल्याशिवाय 9 हजार देऊ नका, आणि दिलेच तर बिल घ्या. कुठल्या गाडीचं काढलंय देव जाणे.

पिंपळगावचा_गाडीवाला
मंडळी, आज पाऊस नव्हता म्हणून सकाळीच बसलो उघडून. काका, तुमच्या तोंडात साखर पडो. क्लिनरला वर बसवून काचेवर बादलीने पाणी टाकलं आणि मी आत टॉर्च घेऊन, तर वरच्या डाव्या कोपऱ्यातून पाण्याची धार बारीक, पण सरळ खांबातून वायरिंगवर आणि वायरिंग धरून थेट मोड्युलच्या कपलरमध्ये! पिना हिरव्यागार. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने साफ केलं, दिवसभर उन्हात वाळवलं. मागचं अर्थ पण घासलं. वायपर सरळ झाला, पार्किंग लुकलुकायचं बंद. पण डावी हेडलाइट काही येईना. बल्ब नवीन टाकला तरी नाही.

अंबडचा_वायरमन
हेडलाइटच्या कपलरपासून मोड्युलपर्यंत वायर तुटली नाही ना ते बघा. मग बॅटरीवरून फ्यूज लावून बल्बला डायरेक्ट सप्लाय द्या. पेटला, वायर पण नीट निघाली, आणि बल्ब जोडलेला असताना मोड्युलच्या पिनवर शून्य आलं, तर मात्र ते आउटपुट गेलं.

पिंपळगावचा_गाडीवाला
केलं. डायरेक्ट पेटतो, वायर ओके, पिनवर शून्य. म्हणजे शेवटी गेलंच ना ते.

अंबडचा_वायरमन
गेलं. आता घाला पैसे. पण रबर दुरुस्त न करता परवाच बदललं असतं तर नवीनही पाण्यातच बसलं असतं. 75/70 वॉटचेच बल्ब टाका परत. 100 वॉटला साधारण 4.2 अँपिअर जातो, 75 ला 3.1, दोन वर्षं तो जास्तीचा लोड त्याच आउटपुटने ओढलाय, वरून पाणी. घाटासाठी फॉग लॅम्प हवा असेल तर वेगळी रिले आणि वेगळा फ्यूज टाकून बॅटरीवरून घ्या, हेडलाइटच्या वायरीला जोड मारू नका.

टूल_घेऊन_फिरणारा
मी हेच काम करतो म्हणून थोडं सांगतो. जुनं काढायच्या आधी त्यातली सेटिंग स्कॅनरने वाचून सेव्ह करायला लावा, जुनं अजून बोलतंय तोवर हे सोपं असतं, पूर्ण मेलं की सगळं हाताने भरावं लागतं. दोन्ही चाव्या घेऊन जा. चावी बंद केल्या केल्या मेन स्विच पाडू नका, अॅडब्लूचा (धूर साफ करायच्या युरियाच्या पाण्याचा) पंप लाइनमधलं पाणी परत टाकीत ओढून घेतो, त्याला दोन-चार मिनिटं द्या, मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. आणि कोडिंग चालू असताना 24 व्होल्टचा चार्जर लावलाच पाहिजे. अर्ध्यावर व्होल्टेज पडलं तर नवीन मोड्युल तिथल्या तिथं वीट होतं, म्हणजे निकामी, मग तुम्ही त्यांच्याशी भांडता आणि ते तुमच्याशी. बसवताना वायरिंगला कपलरच्या खाली थोडा झोळ द्या, म्हणजे पुन्हा कधी पाणी आलंच तर खालच्या खाली ठिबकेल, कपलरमध्ये नाही जाणार.

पिंपळगावचा_गाडीवाला
शेवटचं अपडेट. काच काढून परत बसवली, पाणी मारून बघितलं दोनदा. नवीन मोड्युल टाकलं, चार्जर लावूनच कोडिंग केलं, वर्कशॉपवाल्याने विचारलं तुम्हाला कोणी सांगितलं हे, म्हटलं आहेत आमचे काका अंबडला. काल घाट चढून आलो, सगळं नीट. फक्त डावा इंडिकेटर टकटकटक फास्ट मारतोय.

अंबडचा_वायरमन
मागे एलईडी टाकलाय का?

पिंपळगावचा_गाडीवाला
हो 🙈

अंबडचा_वायरमन
मोड्युल करंट मोजतं. एलईडी कमी ओढतो म्हणून त्याला वाटतं बल्ब उडालाय. 21 वॉटचा साधा टाका.

पिंपळगावचा_गाडीवाला
टाकला, झालं नीट. क्लिनर म्हणतोय तो एलईडी द्या, घरी देव्हाऱ्यात लावतो. त्याला म्हटलं बाबा, 24 व्होल्टचा आहे तो, देवाला बॅटऱ्या कुठून आणणार?